तळाचा सूर

जानेवारीत सॉल्ट लेकमधले पंखे बंद होतात. पुण्याच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण कोलकात्यात वर्षाचे नऊदहा महिने डोक्यावर पंखा फिरत असतो आणि तो फिरतो आहे हेच आपण विसरून गेलेलो असतो. मग एका रात्री बटण बंद होते आणि घर ऐकू येऊ लागते. फ्रिजचा हुंकार. गच्चीवरच्या टाकीत पडणारे पाणी. करुणामयीकडून वळणारी शेवटची बस. ब्लॉकच्या पहारेकऱ्याची काठी, थांबून थांबून आपटणारी.

अशी एखादी रात्र तुम्हीही निवडा. पंखा बंद करता येईल एवढा गारवा आणि तासभर मोकळा मिळाला की पुरे. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसा. खुर्चीत बसलात तर तळपाय फरशीला लागू द्या. संगीत अजून लावू नका. आधी खोलीतला सगळ्यात खालचा आवाज शोधा. मोठा नव्हे, खालचा. तो बहुधा कुठल्यातरी यंत्राचा निघेल, हरकत नाही. सापडला की त्याच्यापाशी थोडे थांबा. बाकीचे आवाज त्याच्यावर येऊन बसताहेत, उठून जाताहेत, तो मात्र तिथेच आहे, एवढेच पाहा.

युरोपात ढोबळमानाने १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत जे संगीत झाले, ज्याला आज बरोक म्हणतात, ते ऐकायला मी अशी खालून शिकले. त्याआधी कितीतरी वर्षे मी ते वरून ऐकत होते. वर व्हायोलिनांची नक्षी असते, झालर असते, गिरक्या असतात. ते सगळे सुंदर वाटायचे आणि काही मिनिटांत कान थकायचा. कुठे धरायचे, तेच कळत नसे. बरोक हा शब्दही आधी नावे ठेवण्यासाठीच वापरला गेला. तो पोर्तुगीजांच्या 'बारोको'वरून आला, म्हणजे वेडावाकडा मोती. वरून पाहणाऱ्याला ते वेडेवाकडेच दिसणार.

मी मूळची मिरजेची. घरापासून चालत पाच मिनिटांवर सतारमेकरांची दुकाने होती. दारात पंढरपूरकडून आलेले भोपळे रचलेले असत आणि आत कोणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असे. तार छेडायची, ऐकायची, घोडीला किंचित घासायचे, पुन्हा छेडायची. शाळेतून येताना आम्ही रेंगाळायचो. एकदा तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला जवळ बोलावले, खर्जाची तार छेडली आणि विचारले, "काय ऐकू येतंय, पोरी?"

मी म्हटले, "सा."

"अजून ऐक."

त्यांनी पुन्हा छेडली. मला पुन्हा सा ऐकू आला. तिसऱ्या की चौथ्या वेळी, सा विरत चालला असताना, त्याच्या पोटातून दुसराच एक बारीक सूर वर आला. पहाटे दाराच्या फटीतून उजेड यावा तसा. तो गंधार होता, कोणीही न छेडलेला. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारागीर माझ्या चेहऱ्याकडे बघून हसले आणि पुन्हा कामाला लागले.

कारण साधे आहे. तार अख्खी थरथरते तेव्हाच ती आपल्या निम्म्यात, तिसऱ्या हिश्शात, चौथ्यात, पाचव्यातही थरथरत असते. निम्म्यातून वरचा सा निघतो, तिसऱ्या हिश्शातून पंचम, पाचव्यातून गंधार. सा, प, ग. हे तीन सूर कोणी ठरवून एकत्र आणलेले नाहीत. एका तारेच्या पोटात ते आधीपासून आहेत. हे तीन सूर लक्षात ठेवा. थोड्या वेळाने ते पुन्हा भेटतील, भलत्याच ठिकाणी.

आता फरशीवर तळहात ठेवा. मी बसले आहे तिथली, सॉल्ट लेकची, जमीन माझ्या आईच्या लग्नाच्या वेळी नव्हती. कोलकात्याच्या पूर्वेला तेव्हा खाऱ्या पाण्याची दलदल होती, भेड्या, म्हणजे माशांची तळी, होत्या, मासे होते. मुख्यमंत्री विधानचंद्र राय यांनी तिथे नगर वसवायचे ठरवले. साठच्या दशकात एका युगोस्लाव्ह कंपनीने हुगळीच्या पात्रातला गाळ पाण्यात कालवून नळांतून इथवर वाहून आणला आणि दलदलीत भरला. नगराचा आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह रचनाकाराने काढला. पाणी निथळून गेले, गाळ राहिला. त्याच्यावर रस्ते आले, ब्लॉक आले, कृष्णचूडा, म्हणजे आपला गुलमोहर, आली, आमचे तीन मजले आले. म्हणजे माझ्या तळहाताखाली फरशी, तिच्याखाली नदी आणि नदीच्या खाली खारे पाणी. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तेव्हा मला त्या खालच्या पाण्याची आठवण होते.

आमच्या शेजारच्या घरात एक मुलगा चेलो शिकतो. अकरावीत आहे, मला काकीमा म्हणतो, आणि रात्री जेवणे उरकली की तासभर वाजवतो. या शहरात ही गोष्ट फारशी नवलाची नाही. कॅलकटा स्कूल ऑफ म्युझिक १९१५ पासून आहे. बेहाल्याच्या ऑक्सफर्ड मिशनमध्ये फादर थिओडोर मॅथिसन यांनी तिथल्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले, आणि त्या अंगणातून वादकांची पिढी उभी राहिली. पंखे बंद झाले की या मुलाच्या खिडकीतून येणारा सूर माझ्या खिडकीत अगदी स्वच्छ येतो. गेल्या हिवाळ्यापासून तो एकच गोष्ट घोटतो आहे: योहान सेबास्टियन बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रेल्यूड, म्हणजे प्रवेशाचा तुकडा.

तुम्हीही तोच लावा. कोणाचाही चालेल. जेमतेम अडीच मिनिटांचा आहे, त्यामुळे तो तीनदा ऐकायला सांगते आहे याचा ताण घेऊ नका.

पहिल्यांदा फक्त पहिला सूर ऐका. गज मोकळ्या तारेवर पडतो, डाव्या हाताचे एकही बोट तारेवर नसते. तो खालचा सूर म्हणजे आपला सा धरा. त्याच्या मागोमाग येतो पंचम. मग उडी मारून वरच्या सप्तकातला गंधार, रिषभाला हात लावून परत गंधार, पंचम, गंधार, पंचम. सा, प, ग. मिरजेच्या दुकानातल्या त्या तारेच्या पोटातून जे आपोआप वर आले होते तेच तीन सूर बाखने एकामागून एक मांडून ठेवले आहेत. पहिल्यांदा हे ध्यानात आले तेव्हा मी हातातले काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. पाश्चात्त्य संगीत म्हणजे परक्याचा वाडा, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते, आणि त्याच्या उंबऱ्यावर आमचाच तंबोरा लावून ठेवलेला होता.

दुसऱ्यांदा ऐकताना वरचे सगळे सोडून द्या आणि खालच्या सुरावर बसून राहा. प्रत्येक खंडात, म्हणजे स्वरलिपीतल्या एका 'बार'मध्ये, वाजवणारा त्याच्याकडे दोनदा परत येतो. दुसऱ्या खंडात त्याच सा वर धैवत आणि मध्यम येतात. तिसऱ्यात निषाद आणि मध्यम येतात. इथे छातीत काहीतरी ताणले जाते, कारण खाली सा स्थिर आहे आणि वर नी आणि म एकमेकांना टोचत आहेत. चौथ्यात ते पुन्हा सा आणि ग वर येऊन निवतात. चार खंड झाले. खालचा सूर जागचा हललेला नाही. इथपर्यंत आपण घरीच आहोत. तंबोऱ्यावर आलापी चालली आहे असेच समजा.

तिसऱ्यांदा ऐकताना पाचव्या खंडापाशी सावध व्हा. सा सुटतो. खालचा सूर पायऱ्या उतरावा तसा सरकतो, खंडाच्या शेवटी तीव्र मध्यम दिसतो, आणि सहावा खंड त्या तीव्र मध्यमावरच पाय रोवून उभा राहतो. आता पंचम हाच नवा षड्ज होऊ पाहतो आहे. आपल्याकडे मूर्च्छनेत होते तसे काहीसे. पण तिथे तंबोरा जुनाच षड्ज बोलत राहतो आणि गाणारा क्षणभर वेगळ्या घरात डोकावून परत येतो. इथे घरच चालू लागले आहे. मिरजेच्या कानाला इथे पायाखालची फरशी सरकल्यासारखे होते. ते होऊ द्या. लगेच काही धरू नका. बेचाळीस खंडांचा हा तुकडा आहे. शेवटाकडे एक मोकळी तार पुन्हा पुन्हा वाजत राहते, तिच्या शेजारून दुसरा सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने वर चढत जातो, आणि शेवटच्या झंकारात सगळ्यात खाली तोच, पहिल्या क्षणाचा सा असतो. तुम्ही त्याला ओळखाल. तो मात्र फिरून आलेला असतो.

माझ्यापुरते बरोकचे सगळे मर्म या चालत्या खर्जात आहे. त्या काळचे रचनाकार पुष्कळदा वरची सुरावट आणि खालचा खर्ज एवढेच लिहीत. खर्जाच्या स्वरांवर बारीक आकडे घालीत, आणि मधला सगळा भराव हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गनवर बसलेला वादक ते आकडे बघून तिथल्या तिथे करी. बंदिश हातात दिली की बढत गायकाची, यात वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागू नये. खर्ज अखंड चालतो म्हणून त्याला अखंड खर्जच म्हणत. चेलो, ऑर्गन, हार्प्सिकॉर्डचा डावा हात, यांपैकी कोणीतरी तळाशी चालत असतोच. कान त्याच्या खांद्यावर ठेवला की वरच्या गिरक्यांची भीती वाटत नाही.

कधीकधी तो खर्ज एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जातो. तबल्याचा एकल कार्यक्रम आठवा. सारंगी किंवा पेटी लेहरा धरते, तो बदलत नाही, आणि त्या न बदलणाऱ्या लेहऱ्यावर कायदा, पलटे, रेले उलगडत जातात. लेहऱ्याकडे कोणी बघत नाही आणि लेहरा थांबला तर सगळे कोसळेल. पाखेलबेलचा कॅनन आता सगळ्या जगाच्या ओळखीचा झाला आहे. त्यात खाली आठ स्वरांचा लेहरा अठ्ठावीस वेळा येतो आणि वर तीन व्हायोलिने एकच सुरावट एकमेकांच्या मागून गातात. जात्यावर दोघी बसल्या की एकीने सोडलेली ओवी दुसरी उचलते तशी, फक्त पहिली थांबत नाही, तिचे पुढचे चालूच राहते. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये बत्तीस खंडांच्या एका खर्जावर तीस पलटे आहेत. सुरुवातीची धून शेवटी जशीच्या तशी परत येते, आणि तासाभराने ती तशीच असूनही तशी वाटत नाही.

बाखच्या व्हायोलिनच्या चाकोनबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. एकटे व्हायोलिन, चार खंडांचा खर्ज, निम्म्या वाटेपर्यंत कोमल गंधाराची छाया, मध्ये अचानक शुद्ध गंधाराचा उजेड, आणि पुन्हा छाया. पंधरा मिनिटे. बाखने ही रचना असलेली सहाही व्हायोलिनची कामे १७२० मध्ये स्वच्छ उतरवून ठेवली. त्याच वर्षी जुलैत तो मालकाबरोबर गावाबाहेर गेला होता. परत आला तेव्हा बायको, मारिया बार्बारा, गेलेली होती आणि पुरलीही होती. चाकोन तिच्यासाठीच रचली, असे सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला तो मोह होत नाही. त्याने जे रचले ते त्याच्या दुःखाचा पुरावा असण्याची गरज नाही. दुःख सोसायला लागणारा लेहरा त्यात आहे, एवढे मला पुरते. माझी आई गेली त्या वर्षी मी हे रोज ऐकत असे, आणि खालचे ते चार खंड पुन्हा येणार याचा आधार वाटे.

चेलो सुइटची गोष्ट अजून नाजूक आहे. बाखच्या हाताची प्रत उरलेलीच नाही. जी प्रमाण मानली जाते ती त्याच्या दुसऱ्या बायकोने, आना माग्दालेनाने, उतरवलेली आहे. पुढे दीडशे वर्षे या सुइट्सकडे रियाजाचे पाठ म्हणूनच बघितले जाई. १८९० मध्ये बार्सिलोनाच्या एका दुकानात तेरा वर्षांच्या चेलोवादक पाब्लो कासाल्सला त्यांची छापील प्रत मिळाली. तो ती बारा वर्षे घरात वाजवत राहिला आणि मगच लोकांसमोर घेऊन गेला. बारा वर्षे. गुरुकुलातला आकडा वाटावा असा.

थोडे पाणी प्या. पाय मोकळे करा. मग पुन्हा बसा, कारण पुढचे मनन मला एक मराठी बाई म्हणून या शहरात करावे लागले आहे.

बंगालात लहान मुलांना निजवताना एक अंगाई म्हणतात. तिच्यात मूल झोपते, पाडा शांत होतो आणि देशात बर्गी येतात. बर्गी म्हणजे बारगीर, मराठा स्वार, म्हणजे आपण. मी इथे नवी असताना खालच्या मजल्यावरच्या ठाकूमांनी नातवाला ती अंगाई म्हटली, मग मी दारात उभी आहे हे बघून त्या ओशाळल्या. "तुमच्याबद्दल नाही गो," असे मला म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले. ते माझ्याबद्दलच होते, आणि ऐकायला हवे होते.

त्या बर्गींचा काळ बाखचाच. १७४१ मध्ये बाखचे गोल्डबर्ग छापले गेले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनमध्ये हँडेल या रचनाकाराने चोवीस दिवसांत 'मसीहा' लिहून पूर्ण केले. त्याचा पहिला प्रयोग डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी झाला, आणि त्याच्या उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या माणसांना सोडवले गेले. त्याच एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन वर्धमानजवळ बंगालच्या नवाब अलिवर्दीखानासमोर उभे होते. गावे जळाली. त्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला, त्याला मराठा डिच नाव पडले. पुढे तो बुजवला आणि १७९९ मध्ये त्याच्या वाटेने सर्क्युलर रोड झाला. आज सॉल्ट लेकहून शहरात जाताना मी रोज तो रस्ता ओलांडते. वर दुकाने, बस, गर्दी. खाली खंदक.

या दोन गोष्टी मी एकीला दुसरीची उपमा म्हणून शेजारी ठेवत नाही. त्या एकाच महिन्यातल्या आहेत, एवढेच. पण मसीहातला कोणताही कोरस ऐकताना, चार आवाजांचे थर एकमेकांवर चढत असताना, मी आता सगळ्यात खालचा आवाज धरते आणि मला त्या महिन्यात वर्धमानच्या वाटेवर काय ऐकू येत असेल ते आठवते. हँडेलची श्रेष्ठता त्याने कमी होत नाही. माझे ऐकणे मात्र जड होते, आणि ते तसे व्हावे, असे मला वाटते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याच्या इंग्रज घरांत हार्प्सिकॉर्ड होते. बोटीने आलेले. इथल्या दमट हवेत लाकूड फुगायचे, कोरड्या दिवसांत आकसायचे, तारा उतरायच्या. त्या वाद्यात तार पिसाच्या काडीने छेडली जाते. कळ हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. छेडला की विरायला लागतो. मींड नाही, आस नाही. अशा वाद्यासाठी विल्यम हॅमिल्टन बर्ड या माणसाने १७८९ मध्ये कोलकात्यात एक पुस्तक छापले, 'ओरिएंटल मिसेलनी'. त्यात हिंदुस्थानी गाण्यांच्या तीस धुना होत्या: रेखते, टप्पे, तराणे. पुस्तक वॉरन हेस्टिंग्जला अर्पण केले होते. हिंदुस्थानी धुना पाश्चात्त्य स्वरलिपीत छापून आल्या त्या अशा प्रथमच.

बर्डचा काळ बरोकच्या पलीकडचा, हे खरे. पण वाद्य तेच आणि सवय तीच. त्याने धुना कानाने पकडल्या, मोजक्या स्वरांत बसवल्या आणि मग त्यांच्याखाली खर्ज घातला. विचार करा. जी धून नाचणारीच्या गळ्यात तंबोऱ्याच्या एका षड्जावर तरंगत होती, तिच्याखाली त्याने चालणारी जमीन सारली. २०१५ मध्ये जेन चॅपमन या हार्प्सिकॉर्डवादिनीने लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधल्या १७७२ च्या हार्प्सिकॉर्डवर या धुना वाजवून ध्वनिमुद्रित केल्या आहेत. जरूर ऐका. पहिल्या ऐकण्यात वाटते की गाणे निसटले, हाती सांगाडा उरला. ते खरेच आहे. टप्प्याचा जीव त्याच्या दाण्यात असतो आणि तो दाणा काडीने छेडलेल्या तारेत येत नाही. पण तिथेच थांबू नका. दोन जगे एका मेजावर बसून एकमेकांची भाषा ऐकताहेत आणि निम्मी समजताहेत, असा काहीसा आवाज त्यात आहे. मला तो हळवा करतो. राज्यकर्त्याच्या घरातला असूनही.

गोव्यात युरोपचे संगीत त्याच्याही शंभर वर्षे आधी फार खोल मुरले होते, आणि तिथली बळजबरी विसरून त्याबद्दल बोलू नये. १६६३ मध्ये जुन्या गोव्यातली उपासना ऐकून एका इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूने लिहून ठेवले की सात गायकवृंद एकदम गात होते आणि आपण रोममध्येच आहोत असे वाटले. गाणारे गोव्याचेच होते. तिथल्या चर्चच्या शाळांतून अक्षरांबरोबर स्वर शिकवले जात. पिढ्यान्‌पिढ्या. त्या शाळांतून शिकलेली माणसे विसाव्या शतकात व्हायोलिनच्या पेट्या घेऊन मुंबईच्या स्टुडिओंत आली. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा त्यांतलेच. स्टुडिओत एक शब्द चाले, अजून चालतो: काउंटर. गायक ओळ गातो आहे, आणि त्याच्या मागे व्हायोलिने गाण्याची ओळ न वाजवता आपली वेगळीच ओळ चालवतात, जी ऐकली नाही तरी चालते आणि काढून घेतली तर गाणे ओकेबोके होते, ती काउंटर. तुमच्या आवडीचे पन्नास-साठ सालचे कोणतेही गाणे लावा. गायकाला सोडा. मागे जा. तिथे तुम्हाला दुसरे गाणे सापडेल. इकडे सलिल चौधरींनी तर वडिलांच्या तबकड्यांवर पाश्चात्त्य संगीत ऐकतच आसामच्या चहाच्या मळ्यात लहानपण काढले. त्यांच्या गाण्यांत सूर एकमेकांशी भांडत, समजूत काढत चालतात. बरोकचा प्रभाव शोधायला आपल्याला लाइपझिगला जावे लागत नाही. तो आपण भांडी घासताना गुणगुणतो त्या ओळींच्या मागे आहे.

आता शेवटची बैठक. दोन गोष्टी हाताशी ठेवा: बाखचा कोणताही छोटा तुकडा, आणि केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो'. १९७७ मध्ये व्हॉयेजर ही दोन अंतराळयाने निघाली तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी होती. साऱ्या पृथ्वीचे मिळून सुमारे दीड तासाचे संगीत तिच्यात होते. त्यात बाख तीन वेळा आहे. आणि फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई आहेत. त्यांना 'सुरश्री' ही पदवी १९४८ मध्ये याच कोलकात्याच्या रसिकांनी दिली होती. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या.

आधी केसरबाई ऐका. साडेतीन मिनिटांत षड्ज एक केसभर हलत नाही आणि त्याच्यावर त्या काय काय करून येतात. मग मध्ये काहीही न बोलता बाख लावा, आणि षड्ज चालू लागलेला ऐका. मग पुन्हा केसरबाई. एकात जमीन थांबली आहे आणि माणूस हिंडतो आहे. दुसऱ्यात जमीन हिंडते आहे आणि तिच्यावर माणसे आपापल्या वाटेने, एकमेकांना न थांबवता, चालली आहेत. कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न मनात आला तर त्याला येऊ द्या, बसू द्या, आणि उत्तर न देता जाऊ द्या. मला स्वतःला केसरबाई जवळच्या आहेत. तो मिरजेचा कान आहे, तो जाणार नाही. पण बाख ऐकायला लागल्यापासून मला त्यांच्या तंबोऱ्यात पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येते.

रात्रीचे साडेदहा झाले. शेजारचा मुलगा बसला आहे. मोकळी तार. सा, प, ग. दुसरा खंड, तिसरा, त्यातली टोचणी, चौथा. पाचव्यापाशी तो अडखळतो. गेला महिनाभर अडखळतो आहे, त्या उतरत्या पायऱ्यांवर त्याचे बोट घसरते. तो थांबतो, गज उचलतो. त्या शांततेत पहारेकऱ्याची काठी एकदा वाजते, टाकीत पाणी पडत राहते. मी खिडकीचे दार थोडे अजून उघडते. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मोकळी तार.